टाचेमागची नस तुटलेला खोखोपटू: पुन्हा पळतीला उतरता येतं का?

खोखोवाला_भाऊ | ३१ मार्च २०२५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण घरात दुसरा विषयच नाही.

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. शाळेपासून खो-खो खेळतो, राज्याच्या संघातून खेळलाय. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपणच जिंकलो, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून तर तो पेटलाच होता. रोज पहाटे पाचला मैदानावर.

१५ फेब्रुवारीला संध्याकाळी सराव चालू होता. हा बसतीत होता. खो मिळाला, उठला, पहिलंच पाऊल जोरात टाकलं आणि तिथंच थांबून मागे बघायला लागला. त्याला वाटलं, मागच्याने टाचेवर लाथ घातली. मागे कुणीच नव्हतं. आवाज मात्र खुंटाजवळ उभ्या असलेल्या पोरांनापण आला, सुतळी ताडकन तुटावी तसा.

पहिल्या ठिकाणी मुरगळलंय म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. दोन दिवस गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी पालथं झोपवलं, पोटरी हाताने दाबली. चांगल्या पायाचा पंजा हलला, या पायाचा हललाच नाही. म्हणाले, अकिलिस टेंडन पूर्ण तुटलंय. १८ तारखेला ऑपरेशन झालं. २० तारखेला दवाखान्यात पडल्या पडल्या भारत-बांगलादेश सामना बघत होतो, शमीने ५३ धावांत ५ गडी काढले. शमीची पण हीच नस, हे तिथल्या ब्रदरने सांगितलं. तेव्हा हा ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसला.

आता सहा आठवडे होतील. डॉक्टर म्हणतात नऊ महिने ते वर्ष. नोव्हेंबरमध्ये निवड चाचणी आहे, म्हणजे बरोबर नऊ महिने. तो मोबाईलवर वाचत बसतो की अमका सहा महिन्यांत परतला, तमका आठ महिन्यांत. माझा साधा प्रश्न आहे. ज्यांचं पोट खेळावर आहे असे खेळाडू यातून खरंच कसे आणि किती दिवसांत उभे राहतात? कुणी यातून गेलंय का?

शेंगाचटणी | ३१ मार्च

वाचूनच टाच दुखली दादा. काळजी घ्या त्याची. आमच्या गल्लीत अजून त्याच्या पळतीचं नाव काढतात.

गुडलेंग्थ | ३१ मार्च

शमीचा विषय काढलात म्हणून सांगतो, मी त्याच्या तारखा पाठ केल्यात.

२०२३ च्या विश्वचषकात ७ सामन्यांत २४ बळी. वानखेडेवर उपांत्य सामन्यात ५७ धावांत ७. त्यानंतर मैदानातून गायब. २०२४ च्या फेब्रुवारीत लंडनला टाचेचं ऑपरेशन. अख्खी आयपीएल गेली, टी-ट्वेंटी विश्वचषक गेला. मध्ये बंगळुरूला तयारी करताना गुडघा सुजला, परत मागे. नोव्हेंबरात इंदूरला बंगालकडून रणजी खेळला, पहिल्याच डावात ४ बळी. तरी ऑस्ट्रेलियाला पाठवला नाही. भारताकडून उतरला थेट जानेवारी २०२५ मध्ये, राजकोटला.

म्हणजे ऑपरेशन ते भारताची जर्सी, अकरा महिने. आणि ते सगळं बोर्डाचे डॉक्टर, फिजिओ, जिम हाताशी असताना. तुमच्या भावाला हे सांगा. त्या ५ बळींच्या मागे वर्षभर होतं.

हुतात्मा_एक्सप्रेस | १ एप्रिल

मी पुण्यात नोकरीला आणि बास्केटबॉलचा वेडा, त्यामुळे या दुखापतीची माझ्याकडे भली मोठी यादी आहे.

कोबी ब्रायंट, १२ एप्रिल २०१३, वय ३४. नस तुटली, तशाच पायाने उभा राहून दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही जाळीत गेले, मग चालत बाहेर. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. ८ डिसेंबरला मैदानात, आठ महिन्यांच्या आत. सगळे इथपर्यंतच सांगतात. पुढचं असं की सहा सामने खेळला आणि गुडघ्याजवळचं हाड मोडलं, तो हंगाम संपला.

केव्हिन ड्युरंट, १० जून २०१९, अंतिम मालिकेत. त्याने पुढचा हंगाम पूर्ण सोडला. डिसेंबर २०२० मध्ये परत आला, अठरा महिन्यांनी. पुढच्या वर्षी टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण.

डॉमिनिक विल्किन्स, जानेवारी १९९२, वय ३२. पुढच्या हंगामात परतला आणि सामन्यामागे २९.९ गुण काढले, दुखापतीच्या हंगामापेक्षाही जास्त.

फुटबॉलचा बेकहॅम, मार्च २०१० मध्ये मिलानकडून खेळताना. फिनलंडमध्ये ऑपरेशन. विश्वचषक हुकला, सप्टेंबरात मैदानात, सहा महिने. तुमचा भाऊ बहुतेक हेच वाचतोय. पण बेकहॅमचा खेळ पासचा आणि फ्री किकचा. खो-खोत तर प्रत्येक खो म्हणजे शून्यापासून पूर्ण वेग. तुलना ड्युरंटशी करा.

नवीपेठ_८२ | १ एप्रिल

लिऊ शियांगला विसरलात. चीनचा अडथळा शर्यतीचा धावपटू. २०१२, लंडन ऑलिंपिक, पहिल्याच अडथळ्याला पाय लागला आणि नस गेली. एका पायावर लंगडत शेवटच्या अडथळ्यापर्यंत गेला, त्याला ओठ टेकवले. त्यानंतर एकही शर्यत धावला नाही, २०१५ मध्ये निवृत्ती. सगळेच परत येत नाहीत, हेही पोराच्या कानावर घालावं असं माझं मत.

शेंगाचटणी | १ एप्रिल

नवीपेठ काका, आत्ताच कशाला ओ? सहा आठवडेच झालेत.

नवीपेठ_८२ | १ एप्रिल

खोटी आशा मला बघवत नाही, एवढंच. पोराबद्दल वाईट चिंतत नाही.

फिजिओ_सातरस्ता | २ एप्रिल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बारा वर्षं झाली. जरा सविस्तर लिहिते. हे सगळं त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच करायचं, हे आधी सांगून ठेवते.

पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. त्या दोघांची मिळून एक कंडरा (टेंडन, आपण जिला नस म्हणतोय ती) होते आणि टाचेच्या हाडाला चिकटते. शरीरातली सगळ्यात जाड आणि मजबूत कंडरा हीच. पळताना हिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. टाचेपासून वर साधारण २ ते ६ सेंटीमीटर या पट्ट्यात रक्तपुरवठा कमी, आणि ती बहुतेक तिथेच तुटते. बरी व्हायला वेळ लागतो तोही त्याचमुळे. हाड जुळलं की एक्स-रेत दिसतं. कंडरेचं तसं नाही. आधी ती ओबडधोबड भरते, मग महिनोन्‌महिने ताण घेत घेत तिचे धागे एका दिशेला लागतात. ताण द्यायलाच हवा, पण मापात.

माझ्याकडे येणारे रुग्ण एकच भीती घेऊन येतात, परत तुटेल का? ती भीती पहिल्या काही महिन्यांत खरी आहे. पण खेळाडूचं त्याहून मोठं नुकसान दुसऱ्याच गोष्टीने होतं. नस लांब होऊन जुळते. पहिल्या तीन महिन्यांत कुणी पंजा वर ओढून ताणला, घाईने उतारावर चालला, तर जुळलेली नस सैल राहते. मग चालता येतं, जिने चढता येतात, पण चवड्यावर उचलायची ताकद येत नाही. रबर सैल झालेली बेचकी कशी असते, तसं. ती लांबी व्यायामाने नंतर भरून निघत नाही.

म्हणून पायाला आधाराचा जो बूट घालतात, त्यात टाचेखाली पाचरी देतात आणि ठरल्या वेळी एकेक काढतात. पाचर लवकर काढायला सांगू नका. घरातला शहाबादी ओला असेल तर बूट घालूनच चालायचं.

आता आपल्याकडची गोष्ट, जी परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. उकिडवं बसणं. भारतीय पद्धतीचा संडास आत्ता पूर्ण बंद. खुर्चीचा कमोड आणा. उकिडवं बसताना टाच जमिनीला टेकली की ती नस पूर्ण ताणली जाते.

आणखी एक. पोटरी एकदम दुखायला लागली, सुजली, गरम लागली, किंवा दम लागला, तर रात्र असो की पहाट, दवाखान्यात जायचं. रक्ताची गुठळी असू शकते. या ऑपरेशननंतर तो धोका असतो.

महिने मोजणं बंद करा. मला एक सांगा, तो दोन्ही पायांवर टाचा उचलतो का?

खोखोवाला_भाऊ | २ एप्रिल

ताई, अजून बुटातच आहे, तीन पाचरी आहेत. कमोड आजच आणतो. हे कुणीच सांगितलं नव्हतं, तो स्टुलाचा आधार घेऊन जात होता.

पैलवान_मोहोळ | ३ एप्रिल

आमच्या तालमीत नस धरली की वस्ताद कोमट तेलाने पोटरी रगडतात. आठ दिवसांत गडी उभा. जुनी माणसं या शिरेला घोडनस म्हणायची. दूध, बदाम, खारका आणि मालीश, एवढं द्या. बूट घालून पाय वाळतोय त्याचा.

फिजिओ_सातरस्ता | ३ एप्रिल

पैलवान दादा, तालमीबद्दल मला आदर आहे, माझे आजोबा तालमीतलेच. पण धरलेली नस वेगळी आणि तुटून शिवलेली वेगळी. आत्ता पोटरी रगडली आणि आत गुठळी असली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. कृपा करून नको. टाके भरल्यावर व्रणावर हलकी मालीश मी स्वतः करायला सांगते, त्याची वेळ येईल. खुराकाचं मात्र शंभर टक्के बरोबर, प्रथिनं हवीतच.

पाय वाळतो हेही खरं. पोटरी बारीक होते आणि पुष्कळांची थोडी बारीकच राहते. ताकद आली की झालं.

पैलवान_मोहोळ | ३ एप्रिल

समजलं ताई. गुठळीचं माहीत नव्हतं. वस्तादांच्या कानावर घालतो.

जुळेसोलापूरकर | ५ एप्रिल

माझी बॅडमिंटन खेळताना तुटली, वय ४४. मी ऑपरेशन केलंच नाही. तिसऱ्या दिवशी प्लास्टर, मग बूट, मग व्यायाम. आज टेकडी चढतो. माझ्या मते आपल्याकडे उगाच सगळ्यांना कापतात.

नॉर्वेत ५२६ रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. वर्षभरानंतर ऑपरेशनवाले आणि बिनऑपरेशनवाले, दोघांचे पाय सारखेच चालत होते.

फिजिओ_सातरस्ता | ५ एप्रिल

तो अभ्यास मलाही महत्त्वाचा वाटतो, पण अर्धाच सांगितलात काका. त्यातच पुन्हा नस तुटण्याचं प्रमाण बिनऑपरेशनवाल्यांत ६.२ टक्के होतं आणि ऑपरेशनवाल्यांत ०.६ टक्के. उलट बाजूला, ऑपरेशनमध्ये चेतातंतूला इजा जास्त, लहान छेदाच्या पद्धतीत ५.२ टक्के, मोठ्या छेदात २.८, बिनऑपरेशन ०.६. तुमच्यासाठी तुमचा निर्णय उत्तमच होता. चोविशीतल्या खोखोपटूला सहा टक्के परवडत नाहीत.

जुळेसोलापूरकर | ५ एप्रिल

हे मान्य. खेळाडूचं गणित वेगळं. तरी ज्यांना रोज नुसतं चालायचंय त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं, यावर मी ठाम आहे.

मेडिकल_टिळकचौक | ६ एप्रिल

औषधांचं दुकान आहे म्हणून एक विचारतो. दुखापतीआधी पोराने सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या जातीच्या अँटिबायोटिकने कंडरा कमजोर होऊ शकते, अमेरिकेत २००८ पासून यावर ठळक इशारा छापतात. आपल्याकडे पोट बिघडलं की चिठ्ठीशिवाय मागायला येतात. खेळणाऱ्या पोरांना मी हे सांगतोच सांगतो.

खोखोवाला_भाऊ | ६ एप्रिल

अँटिबायोटिक नाही घेतलं. पण काका, तुम्ही विचारलंत म्हणून एक गोष्ट लिहितो, जी आईला अजून माहीत नाही.

डिसेंबरपासून त्याची टाच सकाळी ताठ व्हायची. उठला की पहिली दहा पावलं लंगडत. स्पर्धा तोंडावर होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून एका ठिकाणी टाचेमागे इंजेक्शन घेतलं. दोन दिवसांत दुखणं गेलं, स्पर्धा खेळला, ढालही आणली. दीड महिन्याने हे झालं. मला वाटतं ते स्टिरॉइड होतं. मी सोबत असतो तर घेऊ दिलं नसतं. रात्री तेच डोक्यात फिरतं.

फिजिओ_सातरस्ता | ६ एप्रिल

भाऊ, त्या एका सुईनेच तुटली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. दुखरी नस आधीच कमजोर असते. पण अकिलिसच्या आसपास स्टिरॉइड टाळतात ते याच भीतीने. दुखणं थांबतं, नस तेवढीच राहते, आणि खेळाडू पूर्ण जोर लावतो. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. डॉक्टरांना मात्र हे सांगाच, लपवू नका.

बाकी सगळ्यांसाठी: सकाळी टाच ताठ होणं, पहिली पावलं लंगडणं, हा इशारा असतो. त्यावर साधा, कंटाळवाणा इलाज आहे. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एका पायावर हळूहळू खाली. १५ चे तीन संच, गुडघा सरळ ठेवून आणि तेवढेच गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. स्वीडनच्या आल्फ्रेडसन नावाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये ही पद्धत मांडली. ही न तुटलेल्या नसेसाठी. भाऊ, त्याने आत्ता करायची नाही.

वेळापूरची | ९ एप्रिल

हा धागा मला भाचीने पाठवला. मी माळशिरस तालुक्यातली. खो-खो खेळतच वाढले, आमच्याकडे पोरं चालायला लागायच्या आधी बसतीत बसतात. माझी उजवी नस २०११ मध्ये तुटली, खुंटावर सूर मारायला झेपावताना. म्हणून हे लिहिणं माझं कामच आहे.

मी सातव्या महिन्यात उतरले. क्रीडा आरक्षणातून नोकरीची आशा होती, त्यासाठी त्या वर्षीचं प्रमाणपत्र हवं होतं. कुणी जबरदस्ती केली नाही, पण कुणी थांब पण म्हणालं नाही. नस परत तुटली नाही, त्या बाबतीत नशीब. पण उजव्या पायाचा जोर नव्हता म्हणून सगळा भार डाव्यावर घेत होते, आणि दुसऱ्याच सामन्यात डावी पोटरी फाटली. पूर्ण हंगाम गेला. खरं पुनरागमन चौदाव्या महिन्यात झालं.

भाऊ, ताकदीबद्दल ताईंनी सांगितलंच. मी मनाचं सांगते. पळती मला लवकर जमली, कारण पळतीत तुम्ही आधीच हलत असता, गती अंगात असते. भीती वाटायची ती बसतीत. पंजावर बसलेय, मागून पाठीवर थाप पडणार, 'खो' ऐकू येणार आणि त्याच पायाने सुटायचं, ज्याने एकदा दगा दिला. थाप पडायची आणि मी अर्धा क्षण अडकायचे. खो-खोत अर्धा क्षण म्हणजे गडी हातचा गेला. ते जायला सराव सामन्यात शेकडो खो घ्यावे लागले, आधी हळू, उभ्याने, मग खुर्चीवरून, मग खाली बसून.

दुसरं असं, की त्या चौदा महिन्यांत मी रेषेबाहेर बसून खेळ बघितला. साखळीत, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी, पळणारा कधी कुठे वळणार हे मला खांद्यावरून कळायला लागलं. आधी मी नुसती पायांनी खेळायचे. परत आल्यावर वेग थोडा कमी होता आणि गडी जास्त मारत होते.

त्याला माझा निरोप द्या: पाय बरा होतोय तोवर मैदानावर रोज जा. खेळायला नाही, बघायला. घरात बसू नको.

खोखोवाला_भाऊ | ९ एप्रिल

ताई, तुमचं त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलला नाही. संध्याकाळी स्वतःहून म्हणाला, मैदानावर सोड.

कंबरतलाव | २८ एप्रिल

४३ अंश चालू आहे, बुटात पायाचं काय होत असेल?

खोखोवाला_भाऊ | २८ एप्रिल

वाईट. रात्री काढायची परवानगी आता मिळाली आहे, एकच पाचर राहिली. दिवसा सुती मोजे तीनदा बदलतो. आई मोजे वाळत घालून घालून दमली.

हुतात्मा_एक्सप्रेस | २८ एप्रिल

काल बास्केटबॉलच्या डेमियन लिलार्डची नस गेली. वय ३४. पाहवत नव्हतं.

हुतात्मा_एक्सप्रेस | १३ मे

आणि आता जेसन टेटम. पंधरा दिवसांत दुसरा.

हुतात्मा_एक्सप्रेस | २३ जून

आज पहाटे उठून अंतिम मालिकेचा सातवा सामना बघत होतो. टायरिस हॅलिबर्टन, पहिल्याच सत्रात. सुटायला गेला आणि खाली. हात जमिनीवर आपटत होता. त्याची पोटरी आधीच्या सामन्यांत ताणलेली होती, तरी उतरला. ड्युरंटचं पण २०१९ मध्ये तसंच, पोटरी दुखावून महिनाभर बाहेर आणि परतलेल्या पहिल्याच सामन्यात नस गेली. भाऊ, तुमच्या भावाची डिसेंबरची टाच आठवली.

नवीपेठ_८२ | २३ जून

सातवा सामना असेल तर कोण थांबेल? मी पण थांबलो नसतो.

वेळापूरची | २३ जून

थांबला नसता, बरोबर. म्हणूनच थांबवणारं माणूस खेळाडूच्या बाहेरचं लागतं. मोठ्या संघात डॉक्टर असतो. आपल्या मंडळांत तो कोण? प्रशिक्षकालाच ढाल हवी असते.

शेंगाचटणी | २३ जून

हुतात्मा भाऊ पहाटे बास्केटबॉल बघून पुण्याची गाडी कसे पकडतात ते एकदा सांगा. आणि डब्यात माझ्याकडची चटणी असते का?

हुतात्मा_एक्सप्रेस | २३ जून

चटणी आणि कडक भाकरी असतेच. पुण्यात ऑफिसातले निम्मे लोक माझ्या डब्याची वाट बघतात.

प्रशासक | २३ जून

मंडळी, चटणीसाठी वेगळा धागा आहे. इथे टाचेवर या.

फिजिओ_सातरस्ता | २४ जून

भाऊ, आता चार महिने झाले. एका पायावर टाच उचलते का?

खोखोवाला_भाऊ | २४ जून

दोन्ही पायांवर २५. फक्त ऑपरेशनच्या पायावर एकपण नाही. टाच जमिनीवरून बोटभर उठते आणि थरथरते. काल रडला.

फिजिओ_सातरस्ता | २४ जून

चौथ्या महिन्यात न होणं अगदी नेहमीचं आहे. रडू द्या. दोन्ही पायांनी वर जायचं आणि खाली येताना हळूहळू वजन त्या पायावर टाकायचं. बसून, मांडीवर वजन ठेवूनही टाच उचलायची, गुडघा वाकवून केलं की आतल्या स्नायूला काम मिळतं. वही करा. तारीख, किती वेळा, किती उंच. भिंतीवर पेन्सिलने खूण करा टाचेच्या उंचीची. २५ वेळा अर्धी उचलली त्यापेक्षा ८ वेळा पूर्ण उचललेली मला चालेल.

नंदीध्वज_सेवक | २५ जून

मी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे देवाची उंच जड काठी, धरतो, वडीलही धरायचे. आमचा सराव कितीतरी आठवडे आधी सुरू होतो, कारण ध्वजाचं वजन कमरेवर आणि पोटऱ्यांवर येतं, आणि अनवाणी चालायचं असतं. पहिल्या दिवशी कुणी पूर्ण अंतर चालत नाही. वाढवत वाढवत न्यायचं. पोराला सांगा, संक्रांतीच्या यात्रेत शहराभोवतीच्या ६८ शिवलिंगांची वाट चालायला ये माझ्याबरोबर, ध्वज न धरता. एवढं ध्येय ठेव.

खोखोवाला_भाऊ | १७ ऑगस्ट

सहा महिने. काल एक झाली! पूर्ण, भिंतीवरच्या खुणेपर्यंत. आईने पेढे वाटले. शेजारच्यांना कळेना कशाचे.

पैलवान_मोहोळ | १७ ऑगस्ट

वा रे पठ्ठ्या!

गुडलेंग्थ | १७ ऑगस्ट

आजपर्यंत या मंचावर एवढी मोठी बातमी आली नव्हती.

खोखोवाला_भाऊ | २६ सप्टेंबर

आता एका पायावर ९. सरळ रेषेत हलकं धावतो. नोव्हेंबरच्या चाचणीचा अर्ज भरायचा शेवटचा आठवडा आहे. त्याला जायचंय. प्रशिक्षक म्हणतात, येऊ दे, नाव आहे त्याचं, थोडं पळून दाखवलं तरी घेतील. घरात दोन दिवस वाद चालू आहे. मला कळत नाही.

पैलवान_मोहोळ | २६ सप्टेंबर

आमच्याकडे सीना नदीला पूर आहे, रस्ते बंद, उशिरा वाचलं. प्रशिक्षक 'घेतील' म्हणतात ते नावाला घेतील, पायाला नाही. चाचणीत 'थोडं' कुणी पळत नाही. समोर गडी दिसला की जीव खाऊन पळतोस. कुस्तीतपण तेच.

नवीपेठ_८२ | २६ सप्टेंबर

मी सुरुवातीला कडू बोललो होतो, आता उलटं बोलतो. त्याच्या पायात परत यायची ताकद आहे हे या वहीतून दिसतंय. म्हणूनच नोव्हेंबर सोडा. लिऊ शियांगला पुढचा नोव्हेंबर नव्हता, याला आहे.

फिजिओ_सातरस्ता | २७ सप्टेंबर

चांगला पाय किती वेळा उचलतो?

खोखोवाला_भाऊ | २७ सप्टेंबर

३१.

फिजिओ_सातरस्ता | २७ सप्टेंबर

९ आणि ३१. निदान नव्वद टक्क्यांपर्यंत आल्याशिवाय मी कुणालाही पूर्ण वेगाच्या खेळात सोडत नाही. त्यानंतरही एका पायाची उडी, वळण, थांबणं, हे सगळं तपासते. त्याला इथेच वाचू दे: माझं उत्तर नाही आहे.

वेळापूरची | २७ सप्टेंबर

माझंही नाही. त्या सातव्या महिन्याचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे. त्याने नोकरी मिळाली नाही. ती मिळाली दोन वर्षांनी, चांगल्या पायांवर खेळून.

भाऊ, आणि तो चिडला तर तुमच्यावर चिडू दे. तुम्ही थांबवणारं बाहेरचं माणूस आहात. डिसेंबरात तुम्ही सोबत नव्हता म्हणून झोपत नव्हता ना? आता सोबत आहात.

खोखोवाला_भाऊ | २ ऑक्टोबर

अर्ज भरला नाही. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आज दसऱ्याला सोनं द्यायला आला, पाया पडला आणि म्हणाला, चाचणीला बघायला तरी नेशील का?

शेंगाचटणी | २ ऑक्टोबर

डोळ्यांत पाणी आलं दादा.

खोखोवाला_भाऊ | २८ डिसेंबर

दहा महिने झाले. ऑपरेशनचा पाय २८, चांगला ३१. डॉक्टरांनी आणि इथल्या फिजिओंनी मिळून उड्या तपासल्या, वळणं तपासली. गेल्या रविवारी मॅटवर नाही, मातीवर, बसतीत बसला. पहिले वीस खो उभ्याने, मग खुर्चीवरून, वेळापूरच्या ताईंनी सांगितलं तसंच. एकविसावा खाली बसून. पोरं त्याला सांभाळून हळू थाप मारत होती, तर हा ओरडला, नीट मार बे.

चाचणी बघायला गेलो होतो तेव्हा तीन तास वहीत लिहित होता, कोण कुठे वळतो. निवड झालेली पोरं आता ती वही मागायला घरी येतात.

पुढची मोठी स्पर्धा मार्चमध्ये आहे. घाई नाही, बघू. संक्रांतीला नंदीध्वजाच्या काकांबरोबर चालायचं पक्कं आहे.

ताई, एक विचारायचं राहिलं. सकाळी टाच अजून थोडी ताठ असते, दोन-तीन मिनिटं. त्याची काळजी करायची का?

फिजिओ_सातरस्ता | २८ डिसेंबर

दोन-तीन मिनिटं चालतील. आदल्या दिवशीच्या सरावानंतर ती वेळ वाढली, दहा-पंधरा मिनिटं व्हायला लागली, तर समजायचं की जास्त झालं, दुसऱ्या दिवशी कमी करायचं. तेही वहीत लिहायचं. टाच उचलणं सोडायचं नाही, खेळतो आहे तोवर आठवड्यातून तीनदा.

नंदीध्वज_सेवक | २९ डिसेंबर

पहाटे लवकर या. सिद्धेश्वराच्या देवळापाशी भेटू. अनवाणीच चालायचा हट्ट त्याने करू नये, काका सांगतील ते ऐकायचं.

वेळापूरची | २९ डिसेंबर

मंगळवारी कामाने सोलापूरला येतेय. सरावाची वेळ कळवा. वही बघायचीय मला.

खोखोवाला_भाऊ | २९ डिसेंबर

संध्याकाळी साडेपाच, ताई. तो आत्तापासून विचारतोय, तुम्ही खो द्याल का त्याला.